चित्राचा ताळा

“मी ३४ वर्षांची आहे. हिशेब तपासणं हे माझं काम. शाळा सुटल्यापासून पेन्सिल हातात धरली नव्हती, पण आठ महिन्यांपूर्वी चित्र काढायला शिकायचं ठरवलं. तेव्हापासून रोज रात्री व्हिडिओ बघते. कुणी सांगतं आधी पर्स्पेक्टिव्ह शिका, कुणी म्हणतं शरीररचना, कुणी म्हणतं आधी हजार सरळ रेषा मारा. तीन स्केचबुकं आणली, तिन्ही अर्धवट पडली आहेत. निम्मी पानं मीच फाडली. काढून झाल्यावर चित्र बिघडलं एवढंच कळतं. न फाडलेल्या तीन चित्रांचे फोटो पाठवतेय : खुर्ची, कप आणि माझाच डावा हात. मूळ इच्छा एवढीच आहे की माझ्या ६ वर्षांच्या मुलीचा चेहरा मला काढता यावा. सुरुवात नेमकी कशापासून करू? बघून बघून काढणं म्हणजे नक्कल नाही का? आणि खरं सांगा, या वयात हात वळतो का?”

तुमची तिन्ही चित्रं समोर मांडून मी बराच वेळ पाहिली. पत्र वाचताना मात्र मी वयाच्या प्रश्नापाशी थांबले नाही, ‘चित्र बिघडलं एवढंच कळतं’ या वाक्यापाशी थांबले. मला वाटतं तुमची सगळी अडचण त्या ‘एवढंच’मध्ये आहे. आणि ती सोडवायला तुम्ही इतर नवशिक्यांपेक्षा जास्त तयार आहात, कारण चूक हुडकणं हे तर तुमचं रोजचं काम.

ताळा जुळला नाही म्हणून तुम्ही वही फाडत नाही. आधी फरक किती आहे ते बघता. फरक ९ ने भागला जात असेल तर कुठेतरी दोन आकडे उलटे पडले असावेत, ६३ च्या जागी ३६ लिहिलं गेलं असावं, अशी शंका घेता. फरकाच्या बरोबर निम्म्या रकमेची एखादी नोंद सापडली, तर ती चुकीच्या बाजूला गेली का ते तपासता. चित्रातल्या चुकाही अशाच ठरावीक सवयींच्या असतात. त्या चारदोन ठिकाणीच पुन्हा पुन्हा होतात आणि कागदावर आपली खूण सोडून जातात. त्या खुणा वाचता आल्या की चित्र बिघडलं तरी ते वाया जात नाही.

मी शिकत होते तेव्हा आम्हाला एक सर होते. ‘सर, बिघडलं,’ असं म्हणत कागद पुढे केला की ते एकच शब्द विचारायचे : ‘कुठे?’ मला फार राग यायचा. मी म्हणायचे, ‘सगळंच.’ त्यावर ते शांतपणे सांगायचे, ‘सगळं कधीच बिघडत नाही. कुठे ते शोधून आण, मग बोलू.’ कित्येकदा मी तो कागद घेऊन तासभर बसायचे आणि शेवटी कळायचं की मान अर्धा इंच उजवीकडे सरकली आहे, बाकीचं त्या मानाने ठीक आहे. त्यांनी माझ्या चित्रावर स्वतःचा हात एकदाही चालवला नाही. आज मी शिकवते तेव्हा मीही चालवत नाही. दुसऱ्याने दुरुस्त केलेली रेषा चांगली दिसते, पण ती कुठून आली ते आपल्याला कळलेलं नसतं.

रेषा, प्रमाण, पर्स्पेक्टिव्ह (जवळ-लांबचं अंतर सपाट कागदावर दाखवण्याची रीत), छायाप्रकाश या चित्रकलेच्या मूळ गोष्टी. त्या विषयांच्या यादीसारख्या समोर आल्या की कुणीही दबून जाईल, कारण त्यातला प्रत्येक विषय आयुष्यभर पुरेल एवढा खोल आहे. पण सुरुवातीच्या माणसाने त्या ताळा करण्याच्या रीती म्हणून वापराव्यात असं माझं मत आहे. म्हणून ‘आधी काय शिकू’ याचं उत्तर मी तुमच्याच चित्रांतून देते.

खुर्ची घ्या. ती तुम्ही जवळजवळ समोरून, दुसऱ्या खुर्चीवर बसून काढली असावी. तुमच्या चित्रात तिची बैठक जवळपास पूर्ण चौरस आहे, जणू वरून वाकून पाहिल्यासारखी. पाय मात्र अगदी समोरून दिसावेत तसे आहेत : चारही सारख्या लांबीचे, चौघांची टोकं एकाच आडव्या रेषेवर टेकलेली. म्हणजे एकाच खुर्चीकडे तुम्ही दोन जागांवरून पाहिलंत. बैठक चौकोनी असते हे तुम्हाला माहीत होतं, चारही पाय सारखे असतात हेही माहीत होतं, आणि जे माहीत होतं ते कागदावर उतरलं. ही जगातल्या जवळजवळ प्रत्येक नवशिक्याची चूक आहे. तुमचा हात कच्चा असल्याचा तो पुरावा नाही. त्या रेषा चांगल्या ठाम आहेत, फक्त त्यांनी डोळ्यांऐवजी माहितीचं ऐकलं.

याचा ताळा असा करायचा. हात पूर्ण लांब करा, कोपर ताठ. एक डोळा मिटा. पेन्सिल आडवी धरून तिच्या टोकापासून अंगठ्यापर्यंतच्या भागावर बैठकीची पुढची कड मापा. अंगठा न हलवता पेन्सिल उभी करा आणि बैठक खालपासून वरपर्यंत किती उंच दिसते ते त्याच मापाने बघा. दीड-दोन मीटरवरून, बसून बघितलं तर ती उंची रुंदीच्या एक तृतीयांशाच्या आसपास भरेल. तुमच्या कागदावर ती रुंदीएवढीच आहे. आता तुम्हाला ‘बिघडलं’ म्हणायची गरज उरली नाही. ‘बैठक जवळजवळ तिप्पट उंच झाली’ असं म्हणता येतं. मापताना दोन गोष्टी सांभाळा. कोपर मुडपलं की माप बदलतं. आणि पेन्सिल वस्तूच्या दिशेने खुपसायची नाही, समोर काचेचं तावदान आहे असं समजून तिला काचेला चिकटवल्यासारखी धरायची. कडांचे तिरपे कोन घेतानाही तसंच. हात खोलात वळू लागतो, तो आवरावा लागतो.

तुम्ही म्हणाल, डोळ्यांना दिसतंय की, मोजायचं कशाला? एक प्रयोग करा. आरशासमोर उभ्या राहा, एक डोळा मिटा आणि आरशात दिसणाऱ्या तुमच्या डोक्याची बाहेरची कड साबणाच्या वडीने काचेवर आखा. मग बाजूला होऊन तो आकार मोजा. तो तुमच्या खऱ्या डोक्याच्या निम्मा भरेल, तुम्ही आरशाजवळ उभ्या असा की लांब. आरशात आपण रोज बघतो आणि तिथे निम्म्या आकाराचा चेहरा आहे हे कधी जाणवत नाही, कारण मेंदू परस्पर हिशेब करून खरा आकार आपल्याला सांगून मोकळा होतो. रोजच्या जगण्यात ही फार सोयीची गोष्ट आहे, पण चित्र काढताना ती आड येते. त्या बैठकीचंही हेच झालं.

खुर्चीत मला अजून एक चूक दिसली, आणि ती वाचून तुम्हाला बरं वाटेल. पाठ फार उंच झाली आहे, वर वर जाताना ताणत गेल्यासारखी. माझा अंदाज आहे की स्केचबुक टेबलावर सपाट ठेवून तुम्ही काढत होता. सपाट कागदाचा वरचा भाग डोळ्यांपासून लांब असतो आणि तिरपा दिसतो, म्हणून तो दबलेला भासतो. ती भरपाई हात नकळत करतो आणि वरचा भाग लांबवतो. कागद उचलून समोर धरला की चित्र ताणलेलं दिसतं. एखादी जाड फळी मांडीवर घेऊन तिची वरची कड टेबलाला टेकवा, म्हणजे कागद तुमच्याकडे तोंड करून राहील. एवढ्याने ती चूक बऱ्यापैकी जाईल. त्यासाठी वेगळा सराव नको.

पायांचा ताळा करायला मी मोकळ्या जागा वापरायला सांगेन. पाठीच्या दोन पट्ट्यांमधली फट, बैठकीखालची, पायांच्या मधून पलीकडची भिंत दिसते ती जागा. या जागांना नाव नसतं. ‘पाय’ म्हटलं की मनात पायाचा ठरलेला आकार हजर होतो, पण दोन पायांमधल्या पोकळीचा आकार कुणाच्याच मनात आधीपासून नसतो, त्यामुळे तो बघूनच काढावा लागतो. आणि पोकळीची कड तीच पायाचीही कड. उद्या खुर्ची न काढता फक्त या पोकळ्या काढा, आतून पेन्सिल फिरवून काळ्या करा. पोकळ्या बरोबर आल्या तर खुर्ची आपोआप उभी राहिलेली दिसेल. मी आजही अडले की पहिल्यांदा हेच करते. शिवाय एक दोरा आणि त्याला बांधलेलं कसलंही वजन जवळ ठेवा. गवंड्याचा ओळंबा असतो तसा. तो वस्तूसमोर धरला की पाठीची वरची कड, बैठकीचा कोपरा आणि मागच्या पायाचं टोक यांपैकी कोण कुणाच्या खाली येतं ते निर्विवादपणे कळतं.

पर्स्पेक्टिव्हबद्दल सध्या एकच गोष्ट धरा : तुमच्या डोळ्यांची पातळी. बसल्या जागी पेन्सिल डोळ्यांसमोर आडवी धरा, ती समोरच्या दृश्याला जिथे छेदते ती तुमची क्षितिजरेषा. तुम्ही उभ्या राहिलात की ती वर जाते, जमिनीवर बसलात की खाली येते. लांब जाणाऱ्या आडव्या कडा या रेषेच्या खाली असतील तर दूर जाताना वर चढतात, रेषेच्या वर असतील तर खाली उतरतात आणि मुळात समांतर असलेल्या कडा त्या रेषेवर एका बिंदूकडे जमतात. म्हणून जमिनीवर टेकलेल्या मागच्या पायांची टोकं कागदावर पुढच्या पायांपेक्षा वर यायला हवीत. ती तुमच्याकडे एका रेषेत आली, म्हणून ती खुर्ची जमिनीवर उभी राहण्याऐवजी भिंतीला चिकटल्यासारखी दिसते. दोन बिंदूंचं, तीन बिंदूंचं पर्स्पेक्टिव्ह, इमारती, जिने हे सगळं नंतर येऊ द्या. डोळ्यांची पातळी न समजता ते बिंदू आखत बसणाऱ्यांची सुबक पण निर्जीव खोकी मी बरीच पाहिली आहेत.

कपाकडे वळते. वरची कड तुम्ही छान लंबगोल काढलीत, तळ मात्र सरळ रेषेने बंद केलात. कप टेबलावर सपाट बसतो हे माहीत असल्याने तळही सपाट झाला. खरं तर वरची आणि खालची, दोन्ही वर्तुळं डोळ्यांच्या पातळीखाली आहेत आणि तळाचं वर्तुळ जास्त खाली आहे. डोळ्यांच्या पातळीवरचं वर्तुळ नुसत्या रेषेसारखं दिसतं. तिथून जितकं खाली जावं तितकं ते उघडत जातं. म्हणजे तळाचा बाक वरच्या कडेपेक्षा जास्त गोलाई घेतो. पारदर्शक भांडं घेऊन, त्यात निम्म्यापर्यंत पाणी भरून हळूहळू डोळ्यांच्या पातळीपर्यंत उचला आणि परत खाली न्या. कड, पाण्याची पातळी आणि तळ, तीन वर्तुळं एकाच वेळी उघडताना-मिटताना दिसतील. पाच मिनिटांचं काम, पण हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की आयुष्यभर विसरत नाही. लंबगोलाची दोन्ही टोकं तुमच्याकडे चिंचोळी, टोकदार आली आहेत. तिथेही रेषा वळूनच गेली पाहिजे. कागद उलटा धरून बघा, टोकं लगेच बोचतील. आरशात धरूनही चालेल. ओळखीचं चित्र अनोळखी झालं की दोष उघडे पडतात.

कपावर तुम्ही शेडिंग जवळजवळ केलेलंच नाही, कारण कप पांढरा आहे. इथे थोडं थांबते, कारण छायाप्रकाशातली मोठी फसगत हीच आहे. १९९५ मध्ये एडवर्ड ॲडेल्सन या शास्त्रज्ञाने एक चित्र तयार केलं. बुद्धिबळासारखा पट, त्यावर एक दंडगोल आणि त्याची पडछाया. उजेडातला एक ‘काळा’ चौकोन आणि सावलीतला एक ‘पांढरा’ चौकोन यांचा करडा रंग तंतोतंत एक आहे, पण ते समजल्यावरही डोळे मानत नाहीत. तुमच्या कपाचंही असंच होतं. पांढऱ्या कपाची सावलीतली बाजू ही उजेडातल्या गडद टेबलापेक्षाही काळी असू शकते, आणि तरी मन म्हणत राहतं, कप पांढरा आहे. ताळा दोन रीतींनी होतो. एक, डोळे बारीक करा, पापण्यांमधून बघा. बारकावे जातात आणि काळ्या-पांढऱ्याचे मोठे तुकडे उरतात. दोन, एका करड्या कागदाला बोटाच्या नखाएवढं भोक पाडा आणि त्यातून आधी कपाची सावली, मग टेबल बघा. आजूबाजूचं झाकलं गेलं की मेंदूला तुलना करता येत नाही आणि खरा टोन, म्हणजे गडद-फिकेपणा, दिसतो.

सुरुवातीला तीनच टोन वापरा : कागदाचा पांढरा, मधला आणि गडद. प्रत्येक जागा या तिन्हीपैकी कशात मोडते हे ठरवायला स्वतःला भाग पाडा. गडद म्हणजे खरोखर गडद. नवशिक्यांची चित्रं बहुतेक फिकी राहतात, कारण काळं करायची भीती वाटते. सावलीच्या आत, टेबलावरून परतलेल्या उजेडाने जी फिकट कड दिसते ती फार मोहात पाडते. ती सावलीतच आहे, म्हणून उजेडातल्या कुठल्याही भागापेक्षा ती गडदच ठेवायची. आणि बोटाने घासून शेडिंग गुळगुळीत करणं सध्या पूर्ण बंद. घासलं की सगळं एकाच धुरकट करड्यात जातं आणि कुठला टोन चुकला हे शोधताच येत नाही. रेषा शेजारी शेजारी ओढून टोन भरा, त्या दिसल्या तर दिसू द्या.

तुमचा फोटो पाहून वाटतं की सगळं एका एचबी पेन्सिलीवर चाललंय. शिशाच्या पेन्सिलीत ग्राफाइट आणि चिकणमाती यांचं मिश्रण असतं. फ्रान्समध्ये निकोला-जाक कोंते याने १७९५ मध्ये या रीतीचं पेटंट घेतलं. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकी, ती एच. ग्राफाइट जास्त तर मऊ आणि काळी, ती बी. एचबी अगदी मधली, तिच्यातून हवा तेवढा काळा टोन निघतच नाही. २बी आणि ६बी अशा दोन घ्या. साधा, किंचित खरखरीत कागद घ्या, फार चांगला मुळीच घेऊ नका, म्हणजे पान खराब करायची भीती राहणार नाही. बाकीच्या साधनांबद्दल मला काही सांगावंसं वाटत नाही.

रेषांचा हजारचा संकल्पही सोडा. रोज काढायला बसताना दोन मिनिटं पुरे : दोन ठिपके द्या, कागदाला न टेकवता हात दोन-तीनदा त्यांच्यावरून फिरवा आणि मग एका दमात रेषा ओढा, मनगट न हलवता खांद्यातून. ती ठिपका चुकवून गेली तरी चालेल. छोटे छोटे तुकडे जोडत केसाळ रेषा करण्यापेक्षा चुकलेली पण एकसंध रेषा कधीही बरी, कारण ती कुठे चुकली ते स्पष्ट दिसतं.

आता नक्कल आणि वय. दोन्हींचं उत्तर एकाच माणसाच्या आयुष्यात आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचं ठरवलं ते १८८० मध्ये, २७ व्या वर्षी. त्याआधी त्याची वेगवेगळी कामं करून झाली होती. सुरुवातीला त्याने काय केलं, तर शार्ल बार्गच्या चित्रपाठातली छापील चित्रं समोर ठेवून एकामागून एक उतरवून काढली. त्या पाठाकडे तो पुन्हा १८९० मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या वर्षीही वळला. शिवाय १८८२ मध्ये नेदरलँड्समधल्या हेग शहरात असताना त्याने एक लाकडी चौकट करून घेतली होती, आत ताणलेले धागे आणि जमिनीत रोवायला दोन दांडे. त्या धाग्यांमधून बघून तो दृश्याचे कोन आणि प्रमाणं पडताळायचा आणि भावाला पत्रात तिचं चित्र काढून मोठ्या उत्साहाने सांगायचा. अशा साधनाचं वर्णन इटलीतल्या आल्बेर्ती या वास्तुकार-लेखकाने १४३५ मध्येच करून ठेवलं आहे. तो चौकटीत पातळ कापड ताणायचा, त्यात जाड धाग्यांनी चौकोन पाडलेले. ज्यांच्या नजरेबद्दल आज आपण आदराने बोलतो ती माणसंही नुसत्या नजरेवर विसंबली नाहीत.

तेव्हा बघून काढणं ही नक्कल नाही, तो सराव आहे. दुसऱ्याच्या चित्रावरून काढलंत तरी हरकत नाही, फक्त त्याखाली तसं लिहा आणि एक गोष्ट पाळा : काढून झालं की मूळ चित्र शेजारी ठेवून फरक शोधा. त्याशिवाय केलेल्या नकलेतून फारसं हाती लागत नाही. फोटोवरून काढण्याबद्दल मात्र मी जरा कडक आहे. कॅमेऱ्याने आधीच सगळं सपाट करून दिलेलं असतं, आणि सपाट कसं करायचं हेच तर शिकायचं आहे. पहिले काही महिने समोर खरी वस्तू हवी.

वयाबद्दल एवढंच म्हणेन की हात वळायला चित्रकलेत फार काही लागत नाही. तुमची सही तुम्हाला दरवेळी तशीच करता येते ना? तेवढं कसब पुरतं. मला शिकवताना मुलांपेक्षा मोठी माणसं जास्त अडताना दिसतात ती हातामुळे नाही. वाईट दिसणारं पान समोर ठेवून बसणं त्यांना सोसत नाही, म्हणून अडतात. तुम्ही फाडलेली पानं मला त्याचीच खूण वाटली. कृपा करून यापुढे एकही फाडू नका. प्रत्येक पानाच्या खाली तारीख घाला आणि एक ओळ लिहा : काय चुकलं, कुठे, किती. ‘हँडल फार वर जोडलं’, ‘गडद भाग फिका राहिला’ अशी. महिन्याने त्या ओळी सलग वाचा. एकच चूक सात-आठ वेळा लिहिलेली सापडेल, आणि पुढच्या महिन्यात काय शिकायचं ते तीच सांगेल. मग व्हिडिओवाला कोण काय म्हणतो याची चिंता नको. व्हिडिओ बघायचाच असेल तर ती चूक समोर ठेवून त्यापुरता बघा आणि बंद करा. रात्रीच्या ज्या वेळात तुम्ही बघत होता, त्याच वेळात अर्धा तास काढत बसा.

हाताचं चित्र मला तिन्हींत सगळ्यात आवडलं, कारण त्यात तुम्ही धीर केलात. बोटांची मुळं तुम्ही एका सरळ ओळीत मांडली आहेत. मूठ वळून पाहा, सांध्यांचे उंचवटे कमानीत आहेत. हाताच्या पाठीकडून पाहिलं तर मधल्या बोटाचा पहिला सांधा मनगट आणि बोटाचं टोक यांच्या साधारण मधोमध येतो, तळव्याकडून मात्र तेच बोट आखूड दिसतं. अंगठा इतर चार बोटांच्या सपाटीत नसतो, तो बाजूने निघतो. या तीन गोष्टी तपासून तोच हात पुन्हा काढा, आणि मग हात बाजूला ठेवा. शरीररचना आत्ता नको.

मुलीचा चेहरा मात्र मी पुढे ढकलायला सांगणार नाही. ज्या ओढीने तुम्ही पेन्सिल उचलली, तिला वर्षभर दाराबाहेर उभं करणं मला पटत नाही. आठवड्यातून एकदा, ती झोपलेली असताना, तिला काढा. नाक-डोळे नकोत, आधी डोक्याचा एकूण आकार आणि तो उशीवर कसा कलला आहे एवढंच. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. आपण ते नेहमी फार वर काढतो, कारण कपाळ आणि केसांकडे आपलं लक्षच जात नाही. लहान मुलांत ते मध्याच्याही खाली असतात, गाल भरलेले आणि कपाळ मोठं. मुलांची चित्रं प्रौढ दिसतात ती बहुतेक वेळा डोळे वर गेल्यामुळे. तिथेही पेन्सिलने मापा : टाळूपासून डोळ्यांपर्यंत किती, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत किती. ती जागी असेल, खेळत असेल तेव्हा अर्ध्या-एका मिनिटाची झटपट रेखाटनं करा. पाठीचा बाक, मान कुठे वळली, वजन कुठल्या पायावर आहे. ती पूर्ण होणार नाहीत, होऊही नयेत. हलणाऱ्या माणसाचं नेमकं काय टिपायचं हे त्यातूनच समजायला लागतं. पहिली दहा-वीस चित्रं तिच्यासारखी दिसणार नाहीत. तीही जपून ठेवा, तारखेसकट.

पण सुरुवात खुर्चीपासून, तीच खुर्ची, त्याच जागेवरून. जुनं चित्र शेजारी ठेवा आणि आधी फक्त एवढं करा : बैठकीची रुंदी आणि उंची मापा, पायांमधल्या पोकळ्या काढा, ओळंबा धरा. एका बैठकीत होणार नाही, तीन-चार दिवस लागतील. म्हणून खुर्चीच्या चारही पायांभोवती जमिनीवर खडूने खुणा करून ठेवा आणि तुम्ही जिथे बसता त्या जागेलाही. घरात ६ वर्षांची मुलगी आहे, खुर्ची रोज हलणारच.